कर्ज काढून जपलेली मैत्री

ईश्वरचंद्र विद्यासागर म्हटले की आपल्याला १८५६ चा विधवाविवाहाचा कायदा आठवतो. मला मात्र त्यांच्यातला मित्र अधिक जवळचा वाटतो.

१८६४ साली कवी मायकेल मधुसूदन दत्त फ्रान्समधल्या व्हर्साय इथे बायकामुलांसह अडकून पडले होते. बॅरिस्टर व्हायला निघालेल्या या कवीचे घरून येणारे पैसे थांबले, देणी वाढली, तुरुंग समोर दिसू लागला. त्यांनी विद्यासागरांना पत्र लिहिले. विद्यासागरांनी संस्कृत कॉलेजातली नोकरी १८५८ मध्येच सोडली होती. तरी त्यांनी आधी दीड हजार रुपये धाडले आणि पुढे स्वतः कर्ज काढून पैसे पाठवले. मधुसूदन बॅरिस्टर होऊन १८६७ मध्ये परतले. पण त्यांचा उधळा हात काही आवरला नाही. कर्जाचा भार विद्यासागरांनाच वाहावा लागला.

मग त्यांना मिळाले काय? व्हर्सायच्या त्या हलाखीतच मधुसूदनांनी बंगालीत सुनीते लिहिली. त्यांतले एक विद्यासागरांवर आहे. मला वाटते, मित्राला हात देण्याचा आनंद परतफेडीत नसतोच. मित्र तगला, त्याची लेखणी चालत राहिली, एवढे त्या आनंदाला पुरते.