गोव्याचे आबे फारिया आणि मनाची बेडी

मन चिंती ते वैरी न चिंती, असे आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या म्हटले जाते. आजारी माणसाच्या उशाशी बसलेली आजी ते म्हणते, परीक्षेच्या आदल्या रात्री घाबरलेल्या नातवाला आजोबा तेच ऐकवतात. या म्हणीमागे मानवी मनाविषयीचा एक मोठा शोध दडलेला आहे. तो शास्त्राच्या दारात प्रथम नेऊन उभा करणाऱ्यांत एक माणूस आपल्या अगदी शेजारचा, चोर्ला घाट उतरला की लागणाऱ्या गोव्याचा होता, हे मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते. बुद्धिदात्या गणरायाच्या उत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत यंदा त्यांचे चरित्र सांगावे, असे आम्हाला वाटले. त्यांचे पूर्ण नाव जुझे कुश्तोदियु द फारिया. जग त्यांना आबे फारिया म्हणून ओळखते. आबे म्हणजे फ्रेंच भाषेत धर्मगुरू, पाद्री.

बार्देशातील कांदोळी गावी मे १७५६ मध्ये त्यांचा जन्म झाला. वडील कायतान व्हितोरीन कोलवाळचे. पूर्वी कधीतरी धर्मांतर झालेल्या शेणवी घराण्याचे ते वंशज, असे सांगितले जाते. पुढे पॅरिसमध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर फारियांनी नावापुढे ब्राह्मण अशी ओळख आवर्जून लावली, यावरून घराण्याची ही आठवण दोन शतकांनंतरही पुसली गेली नव्हती, हे कळते. आईचे नाव रोझा मारिया. या दांपत्याचे जमले नाही. जुझे लहान असतानाच चर्चच्या परवानगीने दोघे वेगळे झाले. वडिलांनी पूर्वी अर्धवट सोडलेले धर्मशिक्षण पुरे केले आणि ते पाद्री झाले. आई जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात जोगीण म्हणून दाखल झाली. मुलगा वडिलांकडे राहिला.

वडील महत्त्वाकांक्षी होते. गोव्यात एतद्देशीय पाद्र्याला वरच्या जागा मिळत नसत. त्या गोऱ्यांसाठी राखीव असल्यासारख्याच होत्या. तेव्हा पंधरा वर्षांच्या मुलाला घेऊन ते जहाजात बसले आणि १७७१ च्या अखेरीस लिस्बनला उतरले. तिथून ओळखीपाळखीच्या आणि शिफारसपत्रांच्या जोरावर पितापुत्र रोमला गेले. धर्मप्रसारासाठी चालवल्या जाणाऱ्या तिथल्या मोठ्या विद्यालयात जुझे शिकले, १७८० मध्ये त्यांना दीक्षा मिळाली आणि ते ईश्वरविद्येचे डॉक्टर झाले. आपला एक प्रबंध त्यांनी पोर्तुगालच्या राणीला अर्पण केला.

यानंतरची एक गोष्ट गोव्यात घरोघरी सांगितली जाते. तिला कागदोपत्री पुरावा नाही, पण ती सांगितल्यावाचून फारियांचे चरित्र पुरे होत नाही. लिस्बनला परतल्यावर राणीच्या खाजगी प्रार्थनामंदिरात प्रवचन देण्याचा मान या तरुणाला मिळाला. तो व्यासपीठावर चढला. समोर राणी, दरबारी, उमराव, उंची पोशाख. ते पाहून त्याची वाचाच बसली. पाठ केलेले एक वाक्य आठवेना. व्यासपीठाखाली वडील बसले होते. त्यांनी हळूच, दरबारात कुणालाच न कळणाऱ्या कोंकणीत, मुलाला सुचवले की हे समोर बसलेले सगळे म्हणजे निव्वळ भाजीपाला आहे, तू आपला खुशाल भाजी कापत सुट. क्षणात भीती गेली आणि प्रवचन धबधब्यासारखे वाहू लागले. आपल्या मातृभाषेतल्या चार शब्दांनी असे काय केले की बांधलेली जीभ सुटली, या प्रश्नाने त्या तरुणाची पाठ पुढे सोडली नाही, असे गोवेकर सांगतात.

१७८७ साली गोव्यात पोर्तुगीज सत्तेविरुद्धचा एक कट उघडकीस आला. पिंटोंचा कट म्हणून तो प्रसिद्ध आहे. त्यातील काही धर्मगुरूंचा लिस्बनमध्ये या पितापुत्रांशी संबंध आला होता. कटातील पंधरा जणांना फासावर चढवण्यात आले. संशयाची सावली लिस्बनपर्यंत लांबली, आणि १७८८ मध्ये फारियांनी पोर्तुगाल सोडून पॅरिस गाठले. पुढच्याच वर्षी तिथे राज्यक्रांतीचा भडका उडाला. त्या धामधुमीत १७९५ साली राष्ट्रीय सभेविरुद्ध उठलेल्या लोकांच्या एका तुकडीचे नेतृत्वही या गोवेकर पाद्र्याने केले.

परंतु फारियांचे खरे काम बंदुकीशी नव्हते. ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. फ्रांट्स मेस्मर नावाचा एक वैद्य १७७८ मध्ये व्हिएन्नाहून पॅरिसला आला होता. सर्व विश्वात एक अदृश्य चुंबकी द्रव भरलेला आहे, शरीरात त्याचा प्रवाह अडला की रोग होतो आणि आपण तो प्रवाह हाताने वळवू शकतो, असा त्याचा दावा होता. लोखंडी कांबी बाहेर आलेल्या एका मोठ्या लाकडी पिंपाभोवती रोगी बसत, कांबी दुखऱ्या जागी लावत. कुणी किंचाळे, कुणाला झटके येत, आणि काहींना खरोखर बरे वाटे. सारे पॅरिस त्याच्यामागे लागले. शेवटी राजाने १७८४ मध्ये चौकशी समिती नेमली. तीत बेंजामिन फ्रँकलिन होते, रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते. त्यांनी फ्रँकलिन यांच्या बागेत एक सुंदर प्रयोग केला. बागेतील एकाच झाडात तो द्रव भरल्याचे मेस्मरच्या शिष्याने सांगितले. मग डोळे बांधलेल्या एका मुलाला एकेका झाडाजवळ नेले. मुलगा भलत्याच झाडापाशी बेशुद्ध पडला. द्रव भरलेल्या झाडापर्यंत तो पोहोचलाच नव्हता. समितीने निकाल दिला की द्रव वगैरे काही नाही, हा सारा कल्पनेचा खेळ आहे.

समितीच्या दृष्टीने विषय तिथे संपला. फारियांचा विषय तिथून सुरू होतो. द्रव नाही, हे त्यांनाही मान्य होते. पण नुसत्या कल्पनेने जर धडधाकट मुलगा झाडाखाली कोसळत असेल, तर ती कल्पना ही काय चीज आहे, ते शोधायला नको का?

फारियांनी हा नाद मार्की द प्युसेगूर या उमरावाच्या सहवासात धरला. प्युसेगूरला असे आढळले होते की, काही माणसे झटके न येता शांत झोपेत जातात आणि त्या झोपेत बोलतात, उत्तरे देतात. त्याचा भर मात्र झोपवणाऱ्याच्या इच्छाशक्तीवर होता. १८११ मध्ये फारियांना मार्सेयच्या शासकीय विद्यालयात तत्त्वज्ञान शिकवण्याची जागा मिळाली, तिथल्या वैद्यक मंडळाने त्यांना सदस्य करून घेतले. पुढे नीम या गावी बदली झाली, तीही दुय्यम पदावर. अखेर ते पॅरिसला परतले आणि ११ ऑगस्ट १८१३ पासून क्लिशी रस्त्यावरच्या ४९ क्रमांकाच्या घरात त्यांनी जाहीर वर्ग सुरू केले. दर गुरुवारी, प्रवेश फी पाच फ्रँक.

उंच, सावळा, पांढऱ्या केसांचा हा पाद्री तोडक्यामोडक्या उच्चारांच्या फ्रेंचमध्ये आधी व्याख्यान देई, मग प्रयोग करी. पिंप नाही, कांबी नाहीत, हातवारे जवळजवळ नाहीत. माणसाला खुर्चीत आरामात बसवायचे, डोळे मिटायला सांगायचे, मन एकाग्र करून झोपेचाच विचार करायला सांगायचे आणि मग मोठ्या, ठाम आवाजात झोपण्याची आज्ञा द्यायची. काही जण खरेच झोपत. त्या अवस्थेत त्यांना साधे पाणी दुसऱ्याच चवीचे लागे, सांगितले तर हात उचलता येत नसे, आणि पुन्हा सांगितले की हात मोकळा होई. या अवस्थेला फारियांनी सचेत निद्रा असे नाव दिले. ही काही दैवी अवस्था नव्हे, रोज रात्री आपल्याला येणाऱ्या झोपेचाच तो एक प्रकार आहे, असे ते शिकवत.

आता त्यांच्या शिकवणुकीचा गाभा. द्रव नाही, हे फ्रँकलिन सांगून गेले होते. फारिया आणखी पुढे गेले. झोपवणाऱ्याची इच्छाशक्तीही नाही, असे ते म्हणाले. माझ्या अंगात कोणतीही शक्ती नाही, जे घडते ते झोपणाऱ्याच्या मनात घडते, मी फक्त निमित्त आहे, हे ते लोकांना फी घेऊन सांगत होते! लोक चमत्कार पाहायला येत आणि चमत्कार करणारा माणूस स्वतःच सांगे की चमत्कार तुमचाच आहे. हात उचलत नाही, तो कुणी बांधला म्हणून नव्हे, तर तो बांधला आहे असे मनाने मान्य केले म्हणून.

याची किंमत त्यांना मोजावी लागली. द्रववादी चिडले, कारण त्यांचा द्रव गेला. धर्ममार्तंड चिडले, कारण त्यांना यात सैतानाचा हात दिसत होता. वर्तमानपत्रांना सावळ्या परदेशी पाद्र्याची थट्टा करायला निमित्त हवेच होते. एका नटाने झोपेचे सोंग घेऊन ऐन प्रयोगात डोळे उघडले आणि भरसभेत त्यांची फजिती केली. १८१६ मध्ये त्यांच्यावर एक प्रहसनच रंगभूमीवर आले आणि पॅरिस पोट धरून हसले. वर्ग ओस पडले. मुलींच्या एका निवासी शाळेत धर्मगुरूची लहानशी नोकरी पत्करून ते ग्रंथलेखनाला बसले. सचेत निद्रेच्या कारणांवरील त्या ग्रंथाचा पहिला खंड १८१९ साली निघाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पक्षाघाताने त्यांचे निधन झाले. पुढचे खंड राहूनच गेले. मोंमार्त्रच्या दफनभूमीत त्यांना पुरले, पण थडग्यावर नावही नाही.

फारियांचे सगळेच बरोबर होते, असे आम्ही म्हणणार नाही. काहींनाच ही झोप का लागते, याचे कारण ते रक्ताच्या पातळपणात शोधत बसले. ते चुकीचे ठरले. सचेत निद्रेतल्या माणसाला दूरचे दिसते, यावरही त्यांचा विश्वास होता. आणि एक मजेदार फजितीचा किस्सा लेखक शातोब्रियां आपल्या आठवणींत नोंदवून गेले आहेत. एका उमराव स्त्रीच्या घरी फारियांनी चुंबकीय प्रभावाने एक कॅनरी पक्षी मारून दाखवण्याची बढाई मारली. पक्षी मजेत राहिला आणि पाद्रीबोवांनाच काढता पाय घ्यावा लागला. शातोब्रियां हे खवचटपणे सांगतात. आम्हाला मात्र त्यात फारियांच्याच पुढच्या सिद्धांताची साक्ष दिसते. आपण मरणार आहोत, हे त्या पक्ष्याला पटवून देणे कुणाला शक्य नव्हते. ज्याच्या मनात कल्पना शिरत नाही, त्याचे ती काही वाकडे करू शकत नाही.

मृत्यूनंतर त्यांचे नाव दोन वाटांनी जगले. अलेक्झांडर ड्यूमाने काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो या कादंबरीत त्यांचे नाव एका वृद्ध, विद्वान कैद्याला दिले. पण तिथे हा गोवेकर इटालियन झाला. दुसरी वाट शास्त्राची. १८४३ मध्ये जेम्स ब्रेड यांनी हिप्नॉटिझम हा शब्द रूढ केला. पुढे फ्रान्समधील नान्सी गावचे डॉक्टर लिएबो आणि बर्नहाइम यांनी सूचनेच्या उपचाराला शास्त्रात जागा मिळवून दिली. तेव्हा हे सारे मनातून येते असे आधी सांगणारा फारिया होता, हे बर्नहाइम यांनी मोकळेपणाने मान्य केले. पणजीला जुन्या सचिवालयाच्या बाजूला त्यांचा जो पुतळा आहे, तो गोमंतकीय शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवला आणि १९४५ मध्ये तो उभा राहिला. हात पसरलेला पाद्री आणि समोर मागे कलंडणारी स्त्री, असे ते शिल्प आहे. शिल्प म्हणून ते देखणेच आहे. पण पाहणाऱ्याला वाटते की त्या हातांतून काहीतरी निघते आहे, आणि नेमके तेच फारियांनी जन्मभर नाकारले.

हे चरित्र आपल्याला काय देते? मनाने ठरवले की काहीही होते, हा सध्याचा बाजारू मंत्र फारियांचा नव्हे. विचाराने मोडलेले हाड जुळत नाही आणि साखरेचा आजार जात नाही. त्यांचे सांगणे याहून साधे आणि जास्त उपयोगाचे आहे. आपल्या पुष्कळशा बेड्या आपल्याच संमतीने पायात असतात. ज्याच्या हातात शक्ती आहे असे आपण मानतो, तो बुवा असो की साहेब, त्याची निम्मी शक्ती आपण दिलेली असते.

पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्या घरांना हे जास्त लागू पडते. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांसमोर आपली जीभ अडखळते, कारण आपली मराठी खरी मराठी नाही, असे आपणच मनाशी धरलेले असते. तिच्यात चार कानडी शब्द आहेत, हेल वेगळा आहे, पण म्हणून ती कमी कशी? राणीच्या दरबारात फारियांची वाचा परत आणली ती कोंकणीने, दरबारी भाषेने नव्हे.

आणि घरातली मुले? ह्याला गणित जमत नाही, ही पहिल्यापासून बुजरीच आहे, असे आपण पाहुण्यांसमोर, मुलांच्या देखत सहज बोलून जातो. दहा वर्षे रोज ऐकवलेले असे वाक्य म्हणजे फारियांची ठाम आवाजातली आज्ञाच असते, फरक एवढाच की त्यांना ती मागे घेता येत असे. उत्सवात मुलांची वक्तृत्व स्पर्धा असते. दरवर्षी एखादे लेकरू ध्वनिक्षेपकासमोर गप्प होते आणि आईबाप पहिल्या रांगेत मान खाली घालतात. यंदा तसे झाले तर मान खाली घालू नये. त्याच्याकडे पाहून हसावे आणि घरच्या बोलीत दोन शब्द सांगावेत. भाजीचे सांगितले तरी चालेल.