लंडन पाहावयास आलेलें मोझार्ट कुटुंब

संगीतकार मोझार्ट १७५६ सालीं साल्झबर्ग येथें जन्मला. तो आठ वर्षांचा असतां, १७६४ च्या एप्रिलांत, आईबाप त्यास व वडील बहीण नानेर्ल हिला घेऊन लंडनास आले. त्या उन्हाळ्यांत बाप अत्यवस्थ झाला. मुलांस वाद्यें वाजविण्याची मनाई झाली. पुढें तो बरा झाला.

नानेर्लनें हत्तीचें पिलूं, पट्टेदार गाढव, ब्रिटिश म्युझियममधील पक्षी व मासे, जें जें पाहिलें तें वहींत टिपिलें. धाकट्यानें १७६५ सालीं, बापाच्या साह्यानें, ४६ व्या स्तोत्राच्या शब्दांवर चार आवाजांचें गीत रचून म्युझियमास अर्पिलें. तो १७९१ सालीं वारला. तें गीत लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत अद्यापि आहे.

आम्हांस वाटतें, पाहुण्यानें डोळे भरून पाहावें, आणि निघतांना पदरचें कांहीं ठेवून जावें.