नजरेला माप देणारे डॉ. स्नेलेन



डोळ्यांच्या दवाखान्यात भिंतीवर टांगलेला अक्षरांचा तक्ता आपण पाहिलाच असेल. वर मोठे अक्षर आणि खाली लहान होत जाणाऱ्या ओळी. तो तयार करणाऱ्या माणसाचे नाव मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

वस्तूवरून आलेला प्रकाश डोळ्यात शिरतो म्हणून आपल्याला दिसते, हे बसऱ्याच्या इब्न अल-हैसम यांनी अकराव्या शतकात ‘किताबुल मनाझिर’ या ग्रंथात दाखवून दिले. पण कोणाला किती दिसते, हे मोजण्याचे सर्वमान्य माप मिळायला आणखी आठशे वर्षे जावी लागली. ते दिले हॉलंडच्या डॉ. हर्मन स्नेलेन यांनी.

त्यांचा जन्म १८३४ साली झाइस्ट गावी झाला. उट्रेख्ट शहरी दोंदर्स या थोर नेत्रतज्ज्ञांच्या हाताखाली ते तयार झाले. १८६२ साली त्यांनी ठरावीक मापाच्या अक्षरांचा तक्ता प्रसिद्ध केला. निकोप नजरेला साठ मीटरवरून दिसणारे अक्षर ज्याला सहा मीटरवर आल्यावरच वाचता येते, त्याची नजर ६/६०. निकोप नजर ६/६. इतके हे सोपे गणित आहे. १९०८ साली स्नेलेन वारले; तक्ता जगभर राहिला.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगल भागात त्याचे मोल अधिक आहे. भामरागडकडचे माडिया मूल पहिलीत येते तेव्हा मराठी भाषा व अक्षरे दोन्ही त्याला नवी असतात. अशा मुलांसाठी इंग्रजी ‘ई’च्या आकाराचा तक्ता असतो. तीन दाते कोणत्या दिशेला आहेत, एवढे हाताने दाखवायचे. एकेक डोळा झाकून तपासायचे, कारण एका डोळ्याचा दोष दुसरा डोळा लपवतो.

लहानपणापासून अंधूक पाहणाऱ्या मुलाला सर्वांना असेच दिसते असे वाटते. मग ते तक्रार कशी करणार? फळ्यावरचे वाचता येत नाही म्हणून आपण त्याला ‘ढ’ ठरवतो, आणि एक दिवस ते शाळाच सोडते. म्हणून आधी नजर तपासावी, मग वाचन. नजर चांगली असूनही मूल अडखळत असेल, तर त्याला अक्षरांचा सराव हवा, हे कळते.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळेतच ही तपासणी होते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. चष्मा सांगितला तर, विशेषतः मुलीच्या बाबतीत, लाजू नका. चष्म्याने रूप जात नाही; नजरेकडे दुर्लक्ष केले तर शिक्षण जाते.