डेक्कन क्वीनमधला शांततावादी

सकाळी कल्याण ते ठाणे पट्ट्यात तुमची लोकल मध्येच थांबते, पुण्याहून आलेली डेक्कन क्वीन दिमाखात पुढे निघून जाते आणि अख्खा डबा मिळून रेल्वेचा उद्धार करतो. पहिलं लेक्चर बुडालं म्हणून तुम्हीही त्यात सूर मिसळता. आता हीच गाडी १९५० च्या आसपासची डोळ्यांसमोर आणा. दामोदर धर्मानंद कोसंबी नावाचे गणिताचे प्राध्यापक त्या काळी याच गाडीने पुणे-मुंबई ये-जा करायचे.

इतिहास घेतलेल्यांना हे नाव माहीत असतं. जेनेटिक्सवाल्यांना १९४४ च्या ‘कोसंबी मॅपिंग फंक्शन’मुळे ते भेटतात. पण शांततेसाठी त्यांनी काय केलं, ते सिलॅबसमध्ये नाही.

जन्म गोव्यातला, ३१ जुलै १९०७ चा. वडील धर्मानंद हे पाली आणि बौद्ध धर्माचे मोठे अभ्यासक. ते हार्वर्डला कामासाठी गेले तेव्हा, १९१८ मध्ये, अकरा वर्षांच्या दामोदरलाही सोबत घेऊन गेले. पोरगा पुढे हार्वर्डचाच पदवीधर झाला आणि १९२९ मध्ये परतला. बनारस, अलिगढ, मग फर्ग्युसनमध्ये बारा-एक वर्षं शिकवणं. १९४५ मध्ये होमी भाभांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी केली आणि कोसंबींना गणितासाठी बोलावून घेतलं.

खरी गंमत इथे सुरू होते. ही संस्था म्हणजे भारताच्या अणुकार्यक्रमाचं माहेरघर. आणि तिथलेच एक प्राध्यापक जाहीरपणे सांगत होते की, गरीब देशाला अणुऊर्जा परवडणार नाही, आपल्याकडे ऊन फुकट आहे, संशोधन त्यावर करा. सौरऊर्जेचा हा आग्रह १९५० च्या दशकातला बरं का! साहेबाच्या लाडक्या प्रकल्पाविरुद्ध ऑफिसात बसून बोलायला काय लागतं, ते नोकरीला लागलात की कळेल.

याच काळात ते जागतिक शांतता परिषदेत काम करत होते. या परिषदेने मार्च १९५० मध्ये ‘स्टॉकहोम आवाहन’ काढलं: अण्वस्त्रांवर पूर्ण बंदी घाला, आणि जे सरकार ती आधी वापरेल त्याला युद्धगुन्हेगार ठरवा. जगभर कोट्यवधी सह्या गोळा झाल्या. लॉ करणाऱ्यांनी इथे जरा थांबा. १९४५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत शांतता आहे, पण ती देशादेशांमधली बाब म्हणून. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात जगण्याचा हक्क आहे, शिक्षणाचा आहे. शांततेच्या हक्काचं वेगळं कलम मात्र नाही. म्हणजे युद्ध नको म्हणायचा अधिकार सरकारांकडे, आणि मरायचं तुमच्या-आमच्यासारख्यांनी. सह्यांची ती मोहीम या फटीतच बोट घालत होती.

परिषदेवर मॉस्कोची छाप होती, हे लपवण्यात अर्थ नाही. सोव्हिएत बॉम्बबद्दल तिचा आवाज खालच्या पट्टीत असायचा आणि ती टीका रास्तच आहे. कोसंबी स्वतः मार्क्सवादी. पण त्यांचं म्हणणं नुसत्या घोषणांचं नव्हतं. युद्धाला बाजारपेठा, वसाहती, शस्त्रांचा नफा अशी कारणं असतात आणि ती तशीच ठेवून शांतता मागणं पोकळ आहे, असं ते मांडत. बंदुका गप्प आहेत पण पोटं रिकामी आहेत, ही त्यांच्या लेखी शांतता नव्हतीच. १९५७ चं ‘एक्झॅस्परेटिंग एसेज’ लायब्ररीत मिळालं तर चाळा. नावाप्रमाणेच चिडवतं.

१९६२ मध्ये संस्थेने त्यांचा करार वाढवला नाही. लगेच त्यांना शांततेचे हुतात्मे करू नका. रीमान गृहीतक सुटल्याचा त्यांचा दावा गणितज्ञांनी फेटाळला होता, रोजच्या पुणे-मुंबई प्रवासावरही नाराजी होती. तरी अणुधोरणावरच्या टीकेने भाभांशी संबंध गोड झाले असतील, असं कोण म्हणेल? नोकरी गेल्यावर ते पुण्याच्या टेकड्यांवर अश्मयुगातली दगडी हत्यारं शोधत हिंडले, १९६५ मध्ये प्राचीन भारताच्या संस्कृतीवरचं गाजलेलं पुस्तक दिलं आणि २९ जून १९६६ ला पुण्यात झोपेतच गेले. वय फक्त ५८.

पुढचं त्यांना बघायला मिळालं नाही. १९८४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने लोकांचा शांततेचा हक्क जाहीर केला. १९९६ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सल्ला दिला की, अण्वस्त्रांचा वापर सर्वसाधारणपणे युद्धविषयक कायद्याच्या विरोधात जातो. पण देशाचं अस्तित्वच पणाला लागलं तर काय, यावर न्यायालय ठाम उत्तर देऊ शकलं नाही. १९ डिसेंबर २०१६ ला शांततेच्या हक्काचा नवा जाहीरनामा आला: १३१ देश बाजूने, ३४ विरोधात, १९ तटस्थ. तो बंधनकारक नाही, त्याच्या जोरावर कोणत्याही सरकारला कोर्टात खेचता येत नाही. अण्वस्त्रबंदीचा करार मात्र खराखुरा कायदा आहे, २२ जानेवारी २०२१ पासून लागू. अण्वस्त्रं बाळगणाऱ्या नऊपैकी एकाही देशाने त्यावर सही केलेली नाही. त्या नवांत आपणही आहोत.