आयती सायकल, आयती मोटर आणि गुस्ताव्ह त्रूव्हे

आपल्याकडे प्रोजेक्टच्या दोन जाती मानल्या जातात. एक 'स्वतः बनवलेलं' आणि दुसरी 'नुसतं बसवलेलं'. आमच्या ग्रुपचं प्रोजेक्ट दुसऱ्या जातीतलं. पाठ टेकून, पाय पुढे पसरून चालवायची तीनचाकी रिकंबंट सायकल घ्यायची आणि मोटर-बॅटरी लावून ती खडीच्या रस्त्यावर पळवायची. सायकल आयती, मोटर आयती, मग यात इंजिनिअरिंग ते काय? हा प्रश्न आम्हाला मेसच्या रांगेपासून व्हायव्हापर्यंत विचारला गेला. माझं उत्तर म्हणजे गुस्ताव्ह त्रूव्हे या फ्रेंच माणसाचं आयुष्य.

त्रूव्हे यांचा जन्म २ जानेवारी १८३९ चा. गाव फ्रान्समधलं ला-ए-देकार्त, म्हणजे तत्त्वज्ञ देकार्तचंच जन्मगाव. आंझे इथल्या तांत्रिक विद्यालयात त्यांनी प्रवेश घेतला, पण तब्येत साथ देईना म्हणून शिक्षण अर्धवट राहिलं. १८५९ साली ते पॅरिसला आले आणि एका घड्याळजीकडे कामाला लागले. बारीक कामाचा हात तिथे बसला. पुढे स्वतःचं वर्कशॉप काढून त्यांनी विजेवर चालणारी लहान लहान उपकरणं करायला घेतली. जखमेत रुतलेली गोळी शोधणारं यंत्र केलं. शरीराच्या आत उजेड पाडून डॉक्टरांना पाहता येईल असा पॉलिस्कोप केला. वीज तेव्हा प्रयोगशाळेतली वस्तू होती, त्यांनी ती हातात मावेल एवढी केली.

आता मुद्द्याची गोष्ट. त्यांनी सिमेन्सची छोटी मोटर घेतली आणि तिची कार्यक्षमता वाढवली. पुन्हा चार्ज होणारी बॅटरी त्या वेळी नवी होती, ती घेतली. इंग्लंडमधली जेम्स स्टार्लीची, बसून चालवायची तीनचाकी सायकल घेतली. तिन्ही गोष्टी एकत्र केल्या आणि १९ एप्रिल १८८१ रोजी पॅरिसच्या व्हाल्वा रस्त्यावर ती गाडी चालवून दाखवली. विजेवर चालणाऱ्या गाड्यांचा इतिहास बरेच जण इथूनच सुरू करतात. म्हणजे जगातल्या पहिल्या इलेक्ट्रिक गाड्यांपैकी एक हे 'नुसतं बसवलेलं' प्रोजेक्ट होतं!

या गाडीचं पेटंट काही त्यांना मिळालं नाही. आपण असतो तर महिनाभर हॉस्टेलच्या कट्ट्यावर रडगाणं गायलो असतो. त्रूव्हे यांनी तीच मोटर-बॅटरीची कल्पना होडीकडे वळवली. वर्कशॉपपासून सेन नदीपर्यंत यंत्र ने-आण करायला सोपं पडावं म्हणून ते होडीवरून काढता-घालता येईल असं केलं. आउटबोर्ड मोटर जन्मली ती अशी. २६ मे १८८१ रोजी त्यांची पाच मीटरची होडी प्रवाहाविरुद्ध सेकंदाला १ मीटर आणि प्रवाहाबरोबर २.५ मीटर वेगाने गेली. दोन प्रयोगांत जेमतेम पाच आठवडे!

'बसवणं' म्हणजे काय, हे आम्हाला खडीवर कळलं. पुढच्या चाकात हब मोटर घातली तर चढावर वजन मागे जातं आणि पुढचं चाक जागीच फिरतं. थेट चालणारी हब मोटर चढावर हळू फिरत राहिली की तापते, मधे बसवलेल्या मोटरला मात्र सायकलचेच गिअर वापरता येतात. साध्या सायकलवर खड्डा आला की आपण सीटवरून उठतो. रिकंबंटवर उठताच येत नाही, सगळा दणका पाठीला. म्हणून रुंद टायर, कमी हवा, आणि बॅटरी खाली व दोन चाकांच्या मधे. यातलं काहीही मोटरच्या खोक्यावर छापलेलं नसतं. ते शोधणं हेच आमचं इंजिनिअरिंग.

त्रूव्हे यांचा शेवट मात्र चटका लावतो. काम करताना अंगठा आणि तर्जनी कापली, त्यांनी दुर्लक्ष केलं, जखम चिघळली आणि २७ जुलै १९०२ रोजी ते गेले. डॉक्टरांना शरीराच्या आतलं दाखवणारा माणूस बोटाच्या जखमेने गेला. लग्न केलेलं नव्हतं. गावातल्या कबरीच्या जागेची मुदत कुणी वाढवली नाही, तेव्हा अस्थी सार्वजनिक खड्ड्यात गेल्या. १९८० साली नगरपालिकेच्या इमारतीला आग लागली आणि त्यांची कागदपत्रंही जळाली. जन्मस्थळी पाटी लागली ती २०१२ साली.

म्हणून ज्युनियर मंडळींना दोनच गोष्टी सांगतो. वर्कशॉपमध्ये बोट कापलं तर रुमाल गुंडाळून काम रेटू नका, आधी दवाखाना गाठा. आणि जे जे बसवाल त्याची वही ठेवा, तिच्या दोन प्रती काढा, एक लायब्ररीत द्या. आमची वही मे महिन्यात तिथे जमा होईल. पुढच्या बॅचने सायकल खुशाल खोलावी, पण वही वाचून मगच पाना हातात घ्यावा.