गाडीचा आवाज कमी व्हावा म्हणून त्यानं टायर शोधला, पण नाव झालं डनलॉपचं

लातूर जिल्ह्यात शिरूर अनंतपाळ, देवणी, निलंगा या पट्ट्यात उसाचा हंगाम सुरू झाला की रस्त्यावर बैलगाड्या दिसू लागतात. जुन्या लाकडी चाकाला लोखंडी धाव असायची. अशी गाडी खडीच्या रस्त्यावर आली की दिसायच्या आधी तिचा खडखडाट ऐकू यायचा. आता ऊस वाहणाऱ्या गाड्या टायरच्या झाल्यात. कान देऊन ऐकलं तर बैलांच्या गळ्यातले घुंगरू ऐकू येतात, चाक ऐकू येत नाही.

धाव गेली आणि टायर आला, तेव्हा बैलांचा भार हलका झाला हे सगळे सांगतात. आवाज गेला हे मात्र फायद्यात कुणी धरत नाही. पण हवेच्या टायरचं पहिलं पेटंट ज्यानं घेतलं, त्यानं आवाजाचा मुद्दा अर्जातच घातला होता. साल होतं १८४५ आणि माणसाचं नाव रॉबर्ट विल्यम थॉमसन.

तुम्ही म्हणाल, टायर तर डनलॉपनं शोधला ना? शाळेपासून आपण हेच ऐकलंय. त्याकडे येऊच.

थॉमसनचा जन्म २९ जून १८२२ चा, स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या स्टोनहेवन गावातला. पोरानं शिकून धर्मोपदेशक व्हावं अशी घरच्यांची इच्छा. त्यासाठी लॅटिन यायला हवी, आणि पठ्ठ्याला लॅटिन काही केल्या जमेना. मग चौदाव्या वर्षी त्याला अमेरिकेत चार्ल्सटनला काकांकडे व्यापार शिकायला धाडलं. तिथंही मन रमलं नाही. दोन वर्षांत तो परत आला आणि घरी बसून स्वतःच शिकायला लागला. रसायनशास्त्र, वीज, खगोलशास्त्र. गावातल्या एका विणकराला गणित येत होतं, तो त्याच्या मदतीला आला.

वडिलांनी त्याला एक छोटं वर्कशॉप करून दिलं. तिथं त्यानं पहिलं काम केलं ते आईसाठी. धुतलेले कपडे पिळायचं जे यंत्र असतं, त्यात कपडे एकाच बाजूनं घालता यायचे. त्यानं ते असं बदललं की दोन्ही बाजूंनी घालता येतील. तेव्हा वय होतं सतरा.

पुढे त्यानं ॲबर्डीन आणि डंडीमध्ये उमेदवारी केली, मग ग्लासगो आणि एडिंबरोत सिव्हिल इंजिनिअरिंगचं काम. सुरुंगाला लांबून विजेनं बत्ती द्यायची पद्धतही त्यानं बसवली. त्याआधी सुरुंग लावणारी माणसं जवळ जाऊन वात पेटवायची आणि जीव मुठीत धरून पळायची. नंतर तो रेल्वेच्या कामावर गेला.

तेव्हाचं लंडन डोळ्यांसमोर आणा. रस्त्यावर दगडी फरशा, हजारो घोडागाड्या आणि प्रत्येक चाकाला लोखंडी पट्टी. आवाज इतका की घरात कुणी गंभीर आजारी असेल तर श्रीमंत लोक घरासमोरच्या रस्त्यावर पेंढा पसरायचे. चाकं त्यावरून गेली की खडखडाट जरा दबायचा. ज्याच्याकडे पेंढ्याला पैसे नव्हते तो ऐकत पडायचा.

थॉमसननं पेंढा थेट चाकालाच बांधला म्हणा ना. रबर चढवलेल्या कॅनव्हासची पोकळ नळी, तिच्यात हवा, वरून जाड चामड्याचं कवच आणि ते चाकाला बोल्टनं आवळलेलं. १० डिसेंबर १८४५ ला त्याला पेटंट मिळालं. वय फक्त २३. पेटंटमध्ये तीन उद्देश होते: गाडी ओढायला लागणारी ताकद कमी करणं, प्रवास सुखाचा करणं आणि चालताना होणारा आवाज कमी करणं.

१८४७ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये घोडागाड्यांना ही हवाई चाकं लावून चाचण्या झाल्या. धावेच्या गाडीपेक्षा ही गाडी ओढायला सोपी होती आणि आवाज जवळजवळ नव्हताच. असल्या नाजूक नळ्या दोन दिवसांत फुटतील असं लोकांना वाटत होतं. एका जोडीनं १,२०० मैल, म्हणजे १,९०० किलोमीटरच्या वर पल्ला मारला.

तरीही धंदा बसला नाही. पातळ आणि टिकाऊ रबर तेव्हा महाग होतं, सहज मिळतही नव्हतं. सायकली यायच्या होत्या, मोटारी तर लांबच. घोडागाडीचा मालक घोड्याच्या त्रासासाठी एवढा खर्च का करेल? आणि आवाजाचा त्रास तर गाडीवाल्याला नाहीच, तो रस्त्याकडेच्या घरांना. ज्याला त्रास होतो तो टायर विकत घेत नाही आणि जो टायर विकत घेतो त्याला त्रास होत नाही. बाजाराच्या भरवशावर हा प्रश्न सुटत नाही तो इथंच, आणि पुढे कायदे करावे लागले तेही याच कारणानं.

थॉमसन मात्र रडत बसला नाही. १८४९ मध्ये स्वतःच शाई भरून घेणाऱ्या पेनाचं पेटंट घेतलं. १८५२ मध्ये तो जावाला गेला, तेही साखर कारखान्यांच्या यंत्रांसाठी! तिथं त्यानं ती यंत्रं सुधारली, बंदरावर हलवता येईल अशी वाफेची क्रेन बनवली. क्लारा हर्ट्झशी लग्नही तिथलंच. पण तब्येत साथ देईना, म्हणून १८६२ मध्ये तो एडिंबरोला परतला.

परतल्यावर त्यानं चाकाचा प्रश्न पुन्हा हातात घेतला. १८६७ मध्ये त्यानं रस्त्यावर चालणारं वाफेचं इंजिन काढलं, 'रोड स्टीमर'. यावेळी चाकाला हवा नव्हती, भरीव रबराचा जाडजूड पट्टा होता. लोखंडी चाकांची जड इंजिनं रस्ते उखडायची, हे रबरावर चालणारं इंजिन रस्ता मोडत नव्हतं. पण १८६५ च्या ब्रिटिश कायद्यानं अशा इंजिनांना गावात ताशी २ मैल आणि गावाबाहेर ४ मैलांची मर्यादा घातली होती. वर इंजिनाच्या पुढे ६० यार्डांवर लाल झेंडा घेतलेला माणूस चालायला हवा. म्हणजे थॉमसनचं यंत्र धावायला तयार आणि कायदा म्हणतो चाल.

याच स्टीमरची भारताशी गाठ पडली. पंजाबात नोकरीला असलेला ब्रिटिश लष्करी अधिकारी क्रॉम्प्टन याला ही यंत्रं बैलगाडीच्या वाहतुकीला पर्याय वाटली. त्याच्या खटपटीनं भारतासाठी काही इंजिनं बनली. त्यातलं 'रावी' १८७१ मध्ये इंग्लंडमधल्या इप्सविचहून एडिंबरोपर्यंत आणि परत चालवून दाखवलं. मग ती पंजाबातल्या ग्रँड ट्रंक रोडवर धावली. पण रेल्वे पुढे सरकत होती, आणि हा प्रयोग टिकला नाही.

८ मार्च १८७३ ला एडिंबरोच्या राहत्या घरी थॉमसन गेला. वय ५०. हवेचा टायर तोवर लोकांच्या लक्षातूनही गेला होता.

आता डनलॉप. जॉन बॉइड डनलॉप हाही स्कॉटिश, पेशानं जनावरांचा डॉक्टर, राहायला बेलफास्टला. पोराची तीनचाकी सायकल दगडी रस्त्यावर दणके खाते म्हणून त्यानं तिला हवेच्या रबरी नळ्या बसवल्या आणि १८८८ मध्ये पेटंट घेतलं. थॉमसनचं काम त्याला माहीतच नव्हतं. पुढच्याच वर्षी बेलफास्टच्या शर्यतींमध्ये त्याचे टायर लावलेली सायकल जिंकली आणि मागणी सुरू झाली. मग कुणीतरी जुनी कागदपत्रं उकरली. ४३ वर्षांपूर्वीच्या थॉमसनच्या पेटंटमुळे डनलॉपचं मूळ पेटंट रद्द झालं. पण तोवर सायकल आली होती, रबर सुधारलं होतं आणि कंपनी उभी राहिली होती. नाव डनलॉपचं राहिलं.

इथून गोष्ट उलटी फिरते. मोटारी आल्या, वेग वाढला, गाड्या जड झाल्या, आणि ज्या टायरनं आवाज घालवला होता तोच आवाज करू लागला. टायर रस्त्यावर फिरताना त्याच्या नक्षीतले रबराचे ठोकळे एकामागून एक रस्त्यावर आपटतात. खाचांमध्ये अडकलेली हवा दाबली जाते आणि झटक्यानं बाहेर पडते. टायर आणि रस्ता यांच्यामधली निमुळती जागा भोंग्यासारखी हा आवाज मोठा करते. साधारण ताशी ४० किलोमीटरच्या पुढे चांगल्या स्थितीतल्या कारचं इंजिन कमी आणि टायर जास्त ऐकू येतात. महामार्गाला लागून घर असलेल्या माणसाला रात्रभर जी घरघर ऐकू येते, तिच्यात टायरचा वाटा मोठा. इलेक्ट्रिक गाडी घेतली तरी हा आवाज जात नाही.

म्हणून नियम आले. गाड्यांचे आंतरराष्ट्रीय नियम जिनिव्हात, संयुक्त राष्ट्रांच्या युरोप आर्थिक आयोगाच्या एका गटात ठरतात. त्यांचा ५१ क्रमांकाचा नियम पूर्ण गाडीच्या आवाजाचा आणि ११७ क्रमांकाचा टायरचा. युरोपीय संघानं टायरच्या आवाजावर मर्यादा आणली ती २००१ मध्ये. थॉमसनच्या पेटंटला तेव्हा १५६ वर्षं झाली होती.

टायरची चाचणी ऐकायला मजेशीर आहे. ठराविक प्रकारच्या डांबरी पट्ट्यावर गाडी वेगात आणायची, मग इंजिन बंद करून ती नुसती घरंगळू द्यायची. वाटेच्या मध्यापासून साडेसात मीटरवर, जमिनीपासून १.२ मीटर उंचीवर माइक असतो. कारच्या टायरसाठी वेग धरतात ताशी ८० किलोमीटर, ट्रकच्या टायरसाठी ७०. कारच्या १८५ मिलिमीटरपर्यंत रुंदीच्या टायरला साधारण ७० डेसिबलची मर्यादा आहे. टायर रुंद झाला की सूट वाढते. आकडे एकेकानं वाढतात म्हणून हसू नका, ३ डेसिबल म्हणजे ध्वनीची ऊर्जा दुप्पट.

भारतात गाड्यांच्या आवाजाला मर्यादा आधीपासून आहेत. २००५ पासून नव्या कारला ७४ डेसिबल, १७५ सीसीच्या वरच्या मोटारसायकलला ८०. टायरचा नियम मात्र २०२२ मध्ये आला. केंद्र सरकारनं 'एआयएस १४२' हे मानक लागू केलं आणि १ ऑक्टोबर २०२२ पासून नव्या डिझाइनच्या टायरना आवाजाची अट लागली. गाड्यांच्या अशा चाचण्या करणारी देशातली मोठी संस्था आपल्याकडेच आहे, पुण्याची 'एआरएआय', १९६६ साली सुरू झालेली.

एक मेख मात्र आहे. चाचणी होते ती खास बनवलेल्या गुळगुळीत पट्ट्यावर. मराठवाड्यात गेल्या काही वर्षांत सिमेंट काँक्रीटचे महामार्ग झालेत, आणि त्यावर गाडी घसरू नये म्हणून आडव्या रेघा ओढतात. या रेघांवरून पास झालेला टायरही शिट्टीसारखा वाजतो. टायर बनवणाऱ्याला नियम आहे, रस्ता बनवणाऱ्याला आवाजाची अशी मर्यादा नाही. बुलेटचा फटफट करणारा सायलेन्सर पोलीस काढून घेतात, ते दिसतं तरी. वाजणाऱ्या रस्त्याला कुणी पावती फाडत नाही.

कारच्या टायरची बाजू नीट पाहिलीत तर अनेक टायरवर गोलात किंवा चौकटीत इंग्रजी 'ई' आणि जवळच 'एस', 'डब्ल्यू', 'आर' ही अक्षरं सापडतील. तो ११७ क्रमांकाच्या नियमाचा शिक्का. 'एस' म्हणजे आवाज, 'डब्ल्यू' म्हणजे ओल्या रस्त्यावरची पकड आणि 'आर' म्हणजे टायर फिरवायला लागणारी ताकद. यातली पहिली आणि तिसरी गोष्ट थॉमसनच्या १८४५ च्या पेटंटमध्ये होती.