जलकन्येचा कथाकार

डेन्मार्क हा युरोपखंडाच्या उत्तरेकडील एक चिमुकला, बेटांचा देश. तेथील ओडेन्स या गावी २ एप्रिल १८०५ रोजी हान्स ख्रिश्चन अँडरसन याचा जन्म झाला. त्याचे वडील जोडे शिवीत व आई लोकांचे कपडे धुई. घरी दारिद्र्य होते. पण वडिलांना वाचनाची आवड होती. ते हान्सला अरबी सुरस कथा वाचून दाखवीत. त्यांनी त्याला बाहुल्यांचे एक छोटे नाट्यगृहही करून दिले होते. हान्स अकरा वर्षांचा असताना वडील वारले आणि ते सुख संपले.

हान्सचा गळा गोड होता. १८१९ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, गायक व नट होण्याच्या आशेने तो एकटाच राजधानी कोपनहेगन येथे गेला. तेथील राजनाट्यगृहात त्याचा थोडाफार प्रवेशही झाला. पण लवकरच त्याचा आवाज फुटला. ज्या एका गुणाच्या बळावर तो घर सोडून आला होता, तोच हरपला. नृत्यातही त्याचा निभाव लागला नाही. अखेर नाट्यगृहाचे एक संचालक जोनास कॉलिन यांना त्याची कणव आली. त्यांनी सरकारी मदत मिळवून देऊन त्याला शाळेत घातले. सतरा वर्षांचा हा उंच मुलगा आपल्याहून कितीतरी लहान मुलांच्या शेजारी बसून शिकू लागला. गुरुजी कठोर होते. ते त्याला वारंवार टाकून बोलत. तरीही त्याने विद्या सोडली नाही.

१८३५ साली त्याच्या परीकथांचे पहिले छोटे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यातील भाषा घरात मुलांशी बोलावी तशी साधी होती. काही विद्वानांना ती रुचली नाही. मुलांना मात्र ती फार आवडली.

१८३७ साली त्याने जलकन्येची कथा लिहिली. आपण पाच महाभूते मानतो. युरोपातील जुने पंडित चारच मानीत. सोळाव्या शतकातील पॅरासेल्सस नावाच्या वैद्याने असे लिहून ठेवले होते, की जल, वायू, पृथ्वी व अग्नी यांत निरनिराळे जीव राहतात. त्यांना आत्मा नसतो. जलातील कन्येचे मनुष्याशी लग्न झाले, तरच तिला तो लाभतो. फूके या जर्मन लेखकाने १८११ साली याच कल्पनेवर एक सुंदर कथा रचली होती.

अँडरसनला ही अट पटली नाही. आत्म्यासारखी थोर वस्तू दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून का असावी? म्हणून त्याने जुनी कथा नव्या रीतीने सांगितली. त्याची जलकन्या बुडत्या राजपुत्राला वाचवते. त्याच्याजवळ राहता यावे म्हणून ती समुद्रातील चेटकिणीला आपला गोड आवाज देऊन पाय मिळवते. प्रत्येक पावलाला तिला सुऱ्यांवरून चालल्यासारख्या वेदना होतात. तरीही राजपुत्र दुसरीशीच लग्न करतो. त्याला ठार मारलेस तर तू वाचशील, असे सांगून तिच्या बहिणी तिला सुरी आणून देतात. ती सुरी पाण्यात फेकून देते व स्वतःही समुद्रात उडी घेते. परंतु ती नाहीशी होत नाही. वायुकन्या तिला आपल्यात घेतात. उष्ण देशांत गार वारा न्यावा, फुलांचा सुगंध पसरावा, असे त्यांचे काम. तीनशे वर्षे अशी सत्कर्मे केली, की तिला स्वतःच्या बळावर आत्मा मिळणार असतो.

पुढे अँडरसनची कीर्ती जगभर पसरली. १८६७ साली ओडेन्सने आपल्या या पुत्राला मानाचे नागरिकत्व दिले. त्या रात्री ज्या गावात त्याचे गरीब बालपण गेले, ते सारे गाव त्याच्यासाठी दिव्यांनी उजळले होते. ४ ऑगस्ट १८७५ रोजी तो मरण पावला. १९१३ साली कोपनहेगनच्या बंदरात, एका खडकावर, जलकन्येचा ब्राँझचा पुतळा बसवण्यात आला. समुद्राच्या लाटा त्या खडकाला स्पर्श करतात आणि तिच्या जन्मदात्याची आठवण जागी ठेवतात.